उष्टा लेप

गोकर्णाकाकू माणसाला आधी हुंगायची आणि मग त्याच्याशी बोलायची.

चिखलीत तिच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत. मी शाळेत मास्तरीण होते तेव्हा सकाळी कुलूप लावून घाईघाईने निघाले, की ओट्यावरून हाक यायचीच, "थांब व मास्तरीण!" मी थांबायची. न थांबून सांगते कोणाला? ती माझं मनगट धरायची, कोपरापाशी नाक न्यायची आणि निकाल द्यायची, "साबण बदलला. पहिलाच बरा होता. ह्यानं कातडं ओढते." आणि ते खरं असायचं, हाच तर वैताग! ज्या नवऱ्यासोबत संसार केला त्याला साबण बदललेला कळला नव्हता, आणि ही बया भर गल्लीत जाहीर करायची.

काकूचा धंदा मुळ्यांचा. मंजिष्ठा, अनंतमूळ, वाळा, ज्येष्ठमध, नागरमोथा. वाळवायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, फडक्यातून वस्त्रगाळ करायच्या आणि डब्यांत भरायच्या. घामोळ्यांना वाळा, पुटकुळ्यांना मंजिष्ठा, उन्हाने रापलेल्या अंगाला अनंतमूळ. यातला गुण मुळ्यांचा किती आणि काकूच्या तोंडाचा किती, हे मला आजवर कळलेलं नाही. पण बाया यायच्या, आणि पुन्हा यायच्या. तिची कुटाकुटी दुपारी सुरू झाली की आमच्या भिंतीवरची भांडी हलायची आणि माझा नवरा शिंकायला लागायचा. काकू पलीकडून ओरडायची, "जावईबापू, शिंका! फुकटात नाक मोकळं होऊन राह्यलं!"

ती स्वतः दिवसभर ज्येष्ठमधाची काडी गालात धरून असायची, बाकीच्या बाया तंबाखू धरतात तशी. कोणी हुज्जत घालायला लागलं की त्याच्याही तोंडात एक काडी कोंबायची. तोंड गोड झालं की माणूस भांडत नाही, असं तिचं शास्त्र.

मुळ्यांचा नाद कसा लागला विचारलं तर म्हणायची, "माहा जन्मच मूळ नक्षत्रावरचा. भटजीनं सांगतलं होतं, ही पोरगी सासऱ्याले भारी आहे. कायचं काय! सासरा नव्वदीपर्यंत जगला अन् मलेच भारी पडला."

एकदा तिच्या डोक्यात आलं, की घरावर पाटी पाहिजे. रंगाऱ्याला बोलावलं. त्यानं लाल अक्षरात लिहिलं, 'येथे मुळाचे खात्रीशीर औषध मिळेल'. दुसऱ्याच दिवसापासून तिच्या ओट्यावर पुरुषमाणसं दिसायला लागली. कधी नव्हे ते! येत, उभी राहत, इकडे तिकडे बघत, कोणी दिसलं की चपलेचा पट्टा नीट करत. काकूला वाटलं, बरं झालं, गड्यांनाही तोंडाची चाड आली.

एक साहेबी माणूस स्कूटर लांब लावून आला. मी तेव्हा ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, औषध पाहिजे होतं. लई आग होते."

"होईनच ना," काकू म्हणाली. "उन्हात फिरता. किती दिवसांपासून आहे?"

"वर्ष झालं. बसवत नाई."

काकूनं त्याच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. "पण दिसत तं काहीच नाई."

"दिसन कसं?" तो घाबरून म्हणाला.

"हे घ्या. दुधात कालवायचं, अन् रोज सकाळी तोंडाले लावायचं."

"तोंडाले?"

"मंग कुठं लावता?"

तो माणूस लालेलाल झाला. पुडी तिथंच ठेवून असा काही पळाला, की स्कूटरची किल्ली ओट्यावर विसरला. मी हसून हसून लोळायची बाकी. मूळव्याध हा शब्द मी उच्चारला तेव्हा कुठं काकूच्या डोक्यात उजेड पडला. तिनं रंगाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण पाटी काढली का? छे! म्हणाली, "राहू दे. करमणूक होते." त्यानंतर कोणी गडी आला, की ती मुद्दाम मोठ्यानं विचारायची, "वरचं का खालचं?"

शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेली पुण्याची एक पाहुणी कोणाच्या तरी सांगण्यावरून चिखलीपर्यंत आली होती. डोळ्यावर काळा चष्मा, हातात पाण्याची बाटली. तिनं डबा उघडून पाहिला आणि विचारलं, "हे केमिकल फ्री आहे ना?"

काकू म्हणाली, "फ्री काही नाई बाप्पा. तुम्ही दुरून आल्या म्हणून दोन पैशे कमी घेईन."

"तसं नाही हो. म्हणजे ऑरगॅनिक आहे का?"

"नाई," काकू ठामपणे म्हणाली, "मुळी आहे."

पाहुणीनं माझ्याकडं पाहिलं. मी शेंगांकडं पाहिलं. पाहुणी चार डबे घेऊन गेली.

काकूच्या मुळ्यांतला नागरमोथा म्हणजे आमच्याकडचा लव्हाळा. शेतकरी ज्याला शिव्या घालतो, उपटला तरी पुन्हा उगवतो, तोच. काकूची लेक आणि जावई उंद्रीला शेती करतात. काकू खुरपं घेऊन तिकडं जायची आणि जावयाच्या शेतातल्या लव्हाळ्याच्या गाठी खणून आणायची. जावई सांगायचा, "सासूबाईले लय उमाळा आमचा. या वयात निंदण करतात." काकू हे ऐकून घ्यायची, कंबर धरून हुश्श करायची आणि जावयाकडून चहा, कांदाभजी आणि परत सोडायला मोटारसायकल वसूल करायची. अख्खा मोसम त्याला कळलं नाही, की आपल्या शेतातलं तण चिखलीत डब्यात भरून जातं. कळलं तेव्हा तो म्हणाला, "मंग आमचा हिस्सा?" काकूनं त्याच्या तोंडात ज्येष्ठमधाची काडी दिली.

अशी ही बाई. खोटं बोलायची, फसवायची, खोड्या काढायची. पण एका गोष्टीत मात्र तिला कोणी हलवू शकत नव्हतं. कोणी म्हणालं, "काकू, पोरगी सावळी आहे, गोरी होईन असं काहीतरी द्या," की तिचा चेहराच बदलायचा. "गोरं होत नाई. बरं होते. बरं करायचं असन तं बस, नाई तं चालू लाग." उपवर मुलींच्या आया काकुळतीला यायच्या. तरी नाही. एकीला तर म्हणाली, "गोरी पाह्यजे होती तं आधीच बापाले सांगाव लागत होतं, त्यानं तुले गोरा नवरा पाहून देला असता." ती बाई पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही.

आणि एवढं असून, घात झाला तो तिच्याच घरात.

तिची नात मयुरी, उंद्रीच्या लेकीची मुलगी, कॉलेजसाठी काकूकडंच राहत होती. सावळी, तरतरीत, नाकीडोळी नीटस. बोलायला आजीच्या वरताण. दुसरबीडचं स्थळ आलं. मुलगा अक्षय, रस्त्याला लागून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. मुलगा साधा, हसतमुख. रंगानं म्हणाल तर मयुरीपेक्षा दोन बोटं जास्तच सावळा. साखरपुडा झाला. पेढे वाटले. आणि मग मुलाच्या आईनं मयुरीला फोनवर सहज सांगावं तसं सांगितलं, "बाकी सगळं छान आहे व बाई. लग्नापर्यंत थोडी उजळली तं फोटो चांगले येतीन."

मयुरीनं हे कोणालाच सांगितलं नाही. मैत्रिणीकडून गोरं व्हायची एक ट्यूब आणली. रात्री लावायची आणि सकाळी धुवायची. सुरुवातीला म्हणे चेहरा खरंच उजळला. मग लाल झाला. मग आग व्हायला लागली, आणि गालांवरचं सालटं निघायला लागलं. ती घरातही स्कार्फ बांधून वावरायला लागली. आजीला सांगितलं, धूळ सोसत नाही.

मी सकाळी अंगणात होते तेव्हा काकूचा आवाज आला. हाक नव्हती ती. मी धावत गेले. मयुरी खाटेवर बसलेली, स्कार्फ खाली पडलेला, आणि तिच्या गालांकडं बघवत नव्हतं. काकूच्या हातात ती ट्यूब. काकू मला म्हणाली, "मास्तरीण, मी साऱ्या चिखलीचा साबण हुंगतो. माह्याच घरात मले वास नाई आला."

मला वाटलं, आता ती डबे काढेल, कुटाकुटी करेल. तिनं काही काढलं नाही. डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "हे माह्या मुळीचं काम नाई. चाल, बुलडाण्याले डॉक्टरकडं." आम्ही तिघी एसटीनं गेलो. डॉक्टरांनी ट्यूब बंद करायला सांगितली, मलम दिलं, ऊन टाळायला सांगितलं, आणि वेळ लागेल म्हणाले. डाग राहतील का, या प्रश्नावर त्यांनी "बघू" एवढंच उत्तर दिलं. परतीच्या वाटेवर मयुरी खिडकीकडं तोंड करून रडत होती. मला तिचा राग येत होता, आणि रडूही येत होतं. काकूनं तिला एका शब्दानं बोल लावला नाही. गालातली काडी मात्र ती एवढ्या जोरात चावत होती, की पुढच्या सीटवरचा माणूस मागं वळून पाहायला लागला.

फोनचं मयुरीनं सांगितलं ते त्या रात्री जेवताना. दुसऱ्या दिवशी काकू माझ्याकडं आली आणि म्हणाली, "लग्न मोडलं तं लेक मले जन्मभर बोलन. पण मोडलं नाई, अन् ही पोरगी जन्मभर त्या घरात तोंड लपवत राह्यली तं? सांग, कोणतं वाईट?" मला सांगता येईना. ती म्हणाली, "तू मास्तरीण असून तुले येत नाई. बरं, फोन लाव."

मी फोन लावून दिला. समोर मुलाची आई. आणि काकूच्या तोंडातून असा मध गळायला लागला, की मी बघतच राहिले.

"इहीनबाई, तुम्ही म्हणल्या तं पोरगी उजळवतो. माह्याजवळ लेप आहे. पण एक रीत आहे बाई आमच्यात. उष्टी हळद असते ना? आधी नवरदेवाले लागते, अन् मंग उरलेली नवरीले. तसाच हा लेप. आधी नवरदेवानं लावायचा, अन् उरलेला उष्टा लेप नवरीले पाठवायचा. रोज. नाई तं गुण येत नाई. उलटंच होते कधी कधी."

काकूनं माझ्याकडं बघून डोळा मारला. आमच्याकडं माणूस कायद्याशी वाद घालेल, डॉक्टरशी घालेल, रितीशी घालत नाही. विहीणबाई म्हणाल्या, "रीतच असन तं काय बोलावं?"

"अन् त्याले सांगजा, साबण नाई लावायचा," काकू म्हणाली आणि फोन ठेवला. मग मला म्हणाली, "आता थो साबण लावनच."

डबा दुसरबीडला रवाना झाला. काय होतं त्यात? मंजिष्ठेची पूड आणि ओंजळभर हळद. मंजिष्ठा म्हणजे कपडे रंगवायची मुळी, तिचा लाल रंग कुठं लागला की लवकर जात नाही. आणि हळदीवर साबण लावला की ती लाल होते, हे कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. अक्षय रोज सकाळी आईच्या धाकानं लेप लावायचा. दुकान उघडायचं म्हणून घाईनं साबणानं खसाखसा धुवायचा. जितकं धुवावं तितका लाल. गिऱ्हाइकं यायची आणि विचारायची, "काय भौ, शेंदूर फासला का? नारळ कुठं फोडायचा?" उरलेला उष्टा लेप दुसरबीडहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती नेमानं चिखलीला यायचा. काकू तो न चुकता जास्वंदाच्या बुडात टाकायची.

मयुरीला यातलं काही माहीत नव्हतं. ती मलम लावून खोलीत बसायची.

आणि एके दिवशी दुपारी आमच्या गल्लीत गाडी थांबली. विहीणबाई उतरल्या. मागं अक्षय. अव माय! कपाळापासून गळ्यापर्यंत नुसता लाल, कानाच्या पाळ्यासुद्धा. मी तोंडात पदर कोंबला.

विहीणबाई ओट्यावर चढल्या त्या ओरडतच. "माह्या पोराचं माकड केलं तुम्ही! काय हो हे? दुकानात तोंड दाखवाची सोय नाई राह्यली. लोक हसून राह्यले!"

"हसू द्या," काकू म्हणाली. "उतरते ते. चार दिवस साबण बंद केला की उतरते."

"अन् चार दिवस त्यानं कुठं तोंड लपवाव?"

काकू आत गेली आणि मयुरीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली. मयुरी मागं ओढत होती, पण काकूनं तिच्या तोंडावरचा स्कार्फ सोडला.

"इथं," काकू म्हणाली. "इथं लपवून राह्यली ती, तुमचा फोन आल्यापासून. त्याचं उतरन, बाई. हिचं कधी उतरते ते तुम्ही सांगा मले."

मला काकूचा तो आवाज माहीत नव्हता. विहीणबाईंचं तोंड उघडं होतं ते मिटलं. अक्षय पुढं आला. "मले माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "खरंच. आईनं फोन केला होता हेच मले माहीत नव्हतं."

"तुम्हाले कोणी विचारलं नाई," मयुरी म्हणाली, "अन् मलेही नाई विचारलं." तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं, त्याच्या लाल कानांकडं पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं. गाल तडतडले असावेत, कारण ती लगेच कळवळली. मग म्हणाली, "लग्न करायचं का नाई, ते तोंड बरं झालं की मी सांगन. तोवर फोन करू नका."

विहीणबाई मटकन खाली बसल्या. रंगानं त्याही आमच्यासारख्याच. मग म्हणाल्या, "मी काय वाईट म्हणून म्हणलं नव्हतं. मलेही माह्या लग्नात असंच म्हणलं होतं." काकू आतून वाळ्याच्या थंड पाण्याचं भांडं आणि मऊ फडकं घेऊन आली. डॉक्टरांनी तेवढं चालेल म्हणून सांगितलं होतं. तिनं ते विहीणबाईंच्या समोर ठेवलं.

"हात धुवा, अन् घडी ठेवा तिच्या गालावर."

विहीणबाईंनी हात धुतले. घडी ठेवली. जरा जोरातच ठेवली.

"दाबू नका," काकू म्हणाली. "भाकर थापून नाई राह्यल्या."

पुढचं सगळं हळूहळू झालं. मयुरीचा चेहरा भरत आला, पण दोन्ही गालांवर काळसर डाग राहिले ते राहिलेच. अक्षयनं फोन केला नाही. पण दुसरबीडहून आलेल्या एकानं सांगितलं, की दुकानात कोणी लाल तोंडाबद्दल विचारलं तर तो म्हणतो, "बायकोले लावायचं होतं, म्हणून आधी स्वतः लावून पाह्यलं." हे मयुरीच्या कानावर गेलं. पाचव्या दिवशी तिनंच फोन लावला.

लग्न चिखलीतच झालं. काकू नेसली होती जांभळा शालू आणि हुकूम सोडत होती सगळ्या मांडवाला. जेवणं व्हायच्या आधी फोटोग्राफर मयुरीपाशी आला. भला पोरगा, हातात मोबाइल, त्यावर त्यानं काढलेला तिचा फोटो. म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका. अल्बममध्ये डाग काढून टाकतो. रंगही दोन शेड उजळ करून देतो. सगळ्याच नवरींना करून देतो."

काकू तिथंच उभी होती. तिचा हात माझ्या दंडावर होता, आणि तो घट्ट झाला. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मयुरीनं ऐकलं असतं, म्हणूनच बोलली नाही, असं मला वाटतं.

मयुरीनं मोबाइल हातात घेतला. फोटो मोठा करून आपले गाल पाहिले. बराच वेळ पाहिले. मग मोबाइल परत दिला आणि म्हणाली, "काही करू नका दादा. डाग राहू द्या, रंगही राहू द्या. नाई तं ही कोण आहे, हे मलेच कळणार नाई."

काकूनं माझा दंड सोडला आणि ती भर मांडवात रडली. हुंदके देऊन रडली, शालूच्या पदरात नाक शिंकरत रडली. मीही रडले. खोटं कशाला बोलू?

मग तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला, फोटोग्राफरच्या मागं मागं गेली आणि मांडवाच्या खांबाआड त्याला गाठलं. मला ऐकू येत होतं.

"का रे बावा, तू म्हणला ते खरं आहे का? डाग-बिग जातात?"

"हो आजी."

"सुरकुत्याही?"

"जातात ना."

"मंग माह्या काढून टाक. साऱ्या. पण पोरीले सांगू नोको."

काकू गेली ती त्यानंतरच्या हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं. घरात तिचा दुसरा धड फोटो नव्हता, म्हणून लग्नातलाच मोठा करून तिच्या पुढच्या खोलीत लावला; घराची किल्ली माझ्याकडं असते. जांभळा शालू नेसलेली, तुकतुकीत गालांची, तिशीतली कोणी बाई त्यात हसते आहे. मुळ्या न्यायला अजून कोणी चुकून येतं आणि मला विचारतं, ह्या काकूंच्या सूनबाई का? मयुरी उंद्रीला माहेरपणाला आली, की इथंही येते, डागांचे आपले गाल त्या काचेपाशी नेऊन उभी राहते आणि म्हणते, "आजे, लबाड कुठली!"